संसारांतील लहानमोठें : मोटारसायकलीची निवड

गेल्या महिन्यांत या सदरांत पावसाळ्यापूर्वींच्या घरदुरुस्तीविषयीं लिहिलें होतें, व त्याच विषयाचा उत्तरार्ध या अंकांत द्यावा असा माझा मनोदय होता. परंतु मध्यंतरीं आमच्याच घरांत असा एक प्रश्न उपस्थित झाला कीं, त्यापुढें गळक्या गच्चीचा प्रश्न आपोआप मागें पडला. हाच प्रश्न पुष्कळ कुटुंबांतून आज ना उद्यां निघणार, म्हणून घडलेली हकीकत व तिच्यांतून सुचलेले विचार वाचक बंधुभगिनींपुढें जसेच्या तसे ठेवतों.

आमच्या पुतणीला हिंजवडीस नोकरी लागून वर्ष झालें. कोथरूडच्या आमच्या घरापासून तिची कचेरी सुमारें सोळा किलोमीटर. बस बदलत जातां-येतां तिचे रोजचे अडीच-तीन तास मोडतात. एके दिवशीं रात्रीं सर्वांचीं जेवणें चाललीं असतां तिनें अगदीं शांतपणें सांगितलें, "काका, मी मोटारसायकल घ्यायचें ठरवलें आहे." स्कूटर नव्हे, मोटारसायकल!

आईच्या हातांतला डाव भातांतच राहिला. "मुलीच्या जातीला स्कूटर पुरे," असा तिनें तेथल्या तेथें निकाल दिला. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, पण त्यांचा चेहरा उतरला. दादा, म्हणजे मुलीचे वडील, खालीं पाहून जेवत राहिले.

त्यांच्या मौनाचें कारण घरांत सर्वांना ठाऊक आहे. १९९४ सालच्या जुलै महिन्यांत, वहिनी लग्न होऊन घरांत आल्याला चारच महिने झाले होते तेव्हां, दादा भर पावसांत मोटारसायकलीवरून घसरून पडले. हेल्मेट बरोबर होतें. पण तें डोक्यावर नसून आरशाला अडकवलेलें होतें. अकरा दिवस ते इस्पितळांत होते. हातपाय धड राहिले, परंतु डोक्याच्या मारानें घ्राणशक्ति कायमची गेली. लोणकढ्या तुपाचा म्हणा, पहिल्या पावसांतल्या मातीचा म्हणा, त्यांना वास म्हणून येत नाहीं. गॅस सुटला तरी कळणार नाहीं, म्हणून वहिनी त्यांना आजहि घरांत एकटे ठेवीत नाहींत. अशा घरांतील मुलगी मोटारसायकल मागत होती. यंत्रांची मला थोडी माहिती असल्यामुळें "तूं पहा आणि सांग" म्हणून आईनें निवाडा माझ्यावर सोंपविला.

पहिला प्रश्न आईचाच घेतों. आमच्या घरांत १९८१ सालीं बजाजची चेतक आली, ती वर्षानुवर्षें नंबर लावून. तिच्यावर वडिलांनीं सबंध संसार वाहिला, त्यामुळें स्कूटर म्हणजे सुरक्षित ही आईची श्रद्धा. स्कूटर सोयीची आहे यांत शंका नाहीं. हल्लींच्या स्कूटरला गिअर नसतात, पायाशीं पिशवी राहते, साडी नेसूनहि ती चालवितां येते. परंतु तिचीं चाकें लहान, बहुधा दहा किंवा बारा इंचांचीं. मोटारसायकलीचीं साधारणतः सतरा-अठरा इंचांचीं. ज्या खड्ड्यांत लहान चाक खोल उतरून आदळतें, त्यावरून मोठें चाक पुष्कळदां निभावून जातें. वेगांत गाडी स्थिर राहण्यासहि मोठ्या चाकाचें साहाय्य होतें. शिवाय उतारावर गिअर उतरविला कीं इंजिनच वेगाला आवर घालतें. चांदणी चौकांतून पुढें महामार्गाच्या कडेनें, अवजड वाहनांच्या शेजारून रोज जाणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीनें या गोष्टी लहान नाहींत. "स्कूटर मुलींची व मोटारसायकल मुलांची" ही वांटणी रूढीनें केलेली आहे. यंत्रशास्त्राला ती ठाऊक नाहीं. हें आईला पटवितांना मला दोन दिवस लागले, पण पटलें.

मग निघाला कोणती गाडी हा प्रश्न. पुतणीच्या मनांत रॉयल एन्फील्डची ३५० सी.सी.ची 'क्लासिक' होती. १९५५ सालीं मद्रासेस 'एन्फील्ड इंडिया' निघाली तेव्हांपासून बुलेटच्या घराण्याचा या देशांत एक दरारा आहे, आणि तिच्या इंजिनाचा संथ, भारदस्त ठेका तरुणांच्या मनाला ओढतो हें मी जाणतों. मीं विरोध केला नाहीं. शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलाकडे तीच गाडी आहे, ती मागून घेतली. आमच्या इमारतीखालीं गाड्या ठेवण्याच्या जागेला थोडा उतार आहे. "सुरू न करतां ही नुसती उलटी ढकलून बाहेर काढ," एवढेंच मीं तिला सांगितलें.

त्या गाडीचें वजन सुमारें १९५ किलो. आमची मुलगी पांच फूट दोन इंच उंचीची व पन्नास किलो वजनाची. पहिल्या खेपेस गाडी हललीच नाहीं. दुसऱ्या खेपेस हातभर मागें आली. तिसऱ्या खेपेस ती एका बाजूला कलली, व शेजारच्या मुलानें धांवत येऊन धरली नसती तर दोघीहि खालीं आल्या असत्या. ती घाम पुसून हंसली व म्हणाली, "काका, ही गाडी मी चालवायची कीं हिनें मला?"

तिच्याहून ठेंगण्या बायकाहि अशा जड गाड्या लीलया चालवितात; सवयीनें व युक्तीनें तें साधतें. परंतु गाडी धांवूं लागली म्हणजे तिचें वजन जाणवत नाहीं. जाणवतें तें थांबतांना, वळवितांना, गर्दींत इंचाइंचानें सरकतांना. पुण्याच्या रस्त्यांवर रोजच्या प्रवासाचा मोठा भाग असाच सरकण्यांत जातो. म्हणून गाडी पाहावयास जातांना रोज जीं पादत्राणें घालतों तींच घालून जावें, बैठकीवर बसून दोन्ही पायांचे निदान चवडे जमिनीला नीट टेकतात कीं नाहीं तें पाहावें, आणि ती आपल्या हातांनीं ढकलून, वळवून पाहावी. हा साधा प्रयोग केल्यावांचून पैसे भरूं नयेत.

दुसऱ्या टोकाला शंभर सी.सी.च्या गाड्या आहेत. १९८५ सालीं आलेली हिरो होंडाची 'सी.डी. १००' व १९९४ सालची 'स्प्लेंडर' यांनीं मध्यमवर्गाच्या खर्चाचा हिशेबच बदलून टाकला. वजन सव्वाशें किलोंच्या आंत, देखभाल थोडी, आणि पेट्रोलच्या बाबतींत अल्पसंतुष्ट. आमच्या मुलीचें जाणें-येणें रोज बत्तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर आठशें. लिटरला साठ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला साडेतेरा लिटरांच्या आंत पेट्रोल पुरतें. पंचेचाळीस जाणारीला सुमारें अठरा लागतें. पस्तीस जाणारीला तेवीस. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेलेलें असतां पहिल्या व तिसऱ्या गाडींत महिन्याला हजार रुपयांच्या आसपास फरक पडतो. नव्या नोकरीच्या माणसानें हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. तथापि शंभर सी.सी.च्या गाडीला महामार्गावर, चढावर, मागें माणूस बसला असतां ओढीचा सांठा थोडा राहतो. पुढचें अवजड वाहन ओलांडून झटकन् निघून जातां येत नाहीं. दुसरी उणीव ब्रेकाची, आणि माझ्या मतें ती अधिक मोठी.

२०१९ पासून आपल्या देशांत १२५ सी.सी.हून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला ए.बी.एस. नांवाची योजना सक्तीची झाली. ओल्या रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबला कीं चाक जागच्या जागीं अडकतें व गाडी घसरते. १९९४ सालीं दादांचें असेंच झालें. ए.बी.एस. चाक अडकण्याच्या बेतांत आहे हें ओळखून ब्रेक क्षणार्धांत अनेक वेळां सोडतें व पुन्हां लावतें, त्यामुळें चाक फिरत राहतें व गाडी हातांत राहते. कांहीं गाड्यांत ही योजना पुढच्या चाकालाच असते, कांहींत दोन्ही चाकांना. दोन्हींना असलेली अर्थातच बरी. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचें अंतर चौपट होतें, हा नियम शाळेंत आपण सर्वांनीं शिकलेला असतो. रस्त्यावर मात्र तो आठवत नाहीं. ताशीं साठ किलोमीटर वेगांत, ब्रेक लावण्याचें मनांत येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तरी तेवढ्यांत गाडी सतरा मीटर पुढें गेलेली असते. अश्वशक्तीचा आंकडा विचारणारे पुष्कळ भेटतात. ब्रेकाविषयीं विचारणारा विरळा.

तात्पर्य, दीडशें-एकशें साठ सी.सी.च्या वर्गांतील, दीडशें किलोंच्या आंतील, ए.बी.एस. असलेली एक गाडी आम्हीं ठरविली. तिचें नांव येथें सांगत नाहीं. या सदराची जाहिरात व्हावी अशी इच्छा नाहीं. शिवाय या वर्गांत चार-पांच चांगल्या गाड्या आहेत, व ज्याच्या त्याच्या शरीराला जी बसेल ती त्याची. ठरविली तरी ती लगेच घरीं आली नाहीं. पुतणीचा परवाना बिनगिअरच्या वाहनाचा होता. तिनें शिकाऊ परवाना काढला, मित्राच्या जुन्या गाडीवर मैदानांत सराव केला, व महिन्यानंतर परीक्षा देऊन पक्का परवाना मिळविला. तोंपर्यंत गाडीचे पैसे भरावयाचे नाहींत, अशी वहिनींची अट होती.

हेल्मेट मात्र गाडीच्या आधीं आलें, आणि तें दादांनीं आणलें. कोणाला न सांगतां ते दुकानांत गेले. केंद्रीय मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें गेलीं, त्यांपैकीं ४४.५ टक्के दुचाकीवरचीं. आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. हे आंकडे मीं दादांना वाचून दाखविले होते. ते म्हणाले, "आंकड्यांत मी नाहीं. मी उरलों." मग त्यांनीं पिशवींतून दोन हेल्मेटें काढलीं: एक चालविणाऱ्याला, एक मागें बसणाऱ्याला. दोन्हीं सबंध चेहरा झांकणारीं, आय.एस.आय.चा शिक्का असलेलीं. मुलीच्या डोक्यावर एक घालून त्यांनीं तिला मान जोरानें हलवावयास सांगितली. हेल्मेट डोक्यावर फिरलें नाहीं तेव्हां त्यांचें समाधान झालें. एकदां जोराचा आघात झाला कीं आंतला फेस दबून निकामी होतो, वरून तडा न दिसला तरी तें हेल्मेट टाकून द्यावें, हेंहि त्यांनीं तिला बजावलें.

आणखी एक गोष्ट घरच्या बायकांसाठीं सांगतों. मागच्या चाकाला बाजूनें जी जाळी असते ती गाडीची शोभा घालविते, म्हणून कित्येक तरुण ती काढून टाकतात. मागें बसणाऱ्याच्या वस्त्रांना चाकापासून जपण्यासाठीं अर्धें तरी चाक झांकलेलें असावें, असा १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच दंडक आहे. पदर किंवा ओढणी चाकांत जाण्यास निमिष पुरतें. जाळी काढूं देऊं नये, व पदर खोंचल्याशिवाय मागें बसूं नये.

आतां आनंदाविषयीं. गाडी केवळ कचेरीसाठीं घेतों, असें आमच्या मुलीनें कधींच म्हटलें नाहीं, व तें मला आवडलें. एका रविवारीं ती खडकवासल्यावरून पानशेतच्या रस्त्यानें गेली. मी माझ्या जुन्या स्कूटरवरून मागें होतों. उजव्या हाताला पाणी, वळणामागून वळण. प्रत्येक वळणाआधीं ती वेग कमी करी, गिअर बदली, व वळण संपतां संपतां गाडी अलगद उचलून घेई. ती गाडीचा विचार करीत नव्हती, रस्त्याचा करीत होती. पायांत बसलेली चप्पल जशी चालणाराला आठवत नाहीं तसेंच हें आहे. जी गाडी सोमवार ते शनिवार अंग न दुखवितां नेते-आणते, तीच रविवारीं सुख देते. रोज जिच्याशीं झुंजावें लागतें ती आठवड्यांतून एकदां प्रिय कशी होणार? उपयोग व आनंद यांसाठीं दोन निरनिराळ्या गाड्या लागतात, हा समज मीं त्या दिवशीं सोडून दिला.

पुढें उरते ती देखभाल, आणि तींत फार शास्त्र नाहीं. आठवड्याला चाकांतील हवा पाहावी, साखळी स्वच्छ ठेवून तिला वेळेवर तेल द्यावें, गुळगुळीत झालेला टायर पावसाळ्यापूर्वीं बदलावा, आणि दुरुस्तीचें ठिकाण घराजवळ आहे कीं नाहीं हें गाडी घेण्याआधींच पाहून ठेवावें.

गेल्या आठवड्यांत वहिनी पहिल्यानेंच मुलीच्या मागें बसून मंडईला गेल्या. येतांना अळू आणलें. दादा रोज सकाळीं सज्जांत उभे राहतात. हेल्मेटचा पट्टा 'खट्' वाजून बसल्याचा आवाज तीन मजले वरपर्यंत येत नाहीं, म्हणून मुलगी हनुवटीखालीं हात नेऊन पट्टा ओढून दाखविते. मग ते आंत येतात.

गच्चीच्या दुरुस्तीविषयीं पुढील महिन्यांत.