मागचं अंगण : शेवाळाचं बिऱ्हाड

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणत्यांचं ताट हातात घेऊन मी मागच्या दाराच्या पायरीवरून जी घसरले, ती थेट तुळशीच्या कुंडीपाशी जाऊन थांबले. दोन पणत्या फुटल्या, साडीला तेल लागलं आणि ढोपर पंधरा दिवस काळंनिळं होतं. मॅंचेस्टरच्या पावसात फरशीवर चढलेल्या त्या हिरव्या थराकडे पाहत मी तेव्हाच ठरवलं, की या अंगणात आता एक तर शेवाळ राहील, नाही तर मी.

पुढच्या शनिवारी नवऱ्याने पाण्याचा जोरदार झोत मारणारं यंत्र भाड्याने आणलं. दोन तासांत फरशी लख्ख. मी कौतुकाने शेजारच्या आजोबांना हाक मारून दाखवली. ते निवृत्त आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांनी शेवाळाचाच नाद धरला आहे. कुंपणावरून डोकावून ते हसले आणि म्हणाले, "वा, छान पेरणी केलीत!"

मार्चपर्यंत त्यांचं म्हणणं पटलं. पूर्वी जिथे काहीच नव्हतं, त्या फटींमधूनही रुपेरी-हिरवे ठिपके वर आले होते. झोताने आम्ही शेवाळ मारलं नव्हतं, त्याचे बारीक तुकडे करून अंगणभर उडवले होते. आणि शेवाळाचा तुकडा म्हणजे नवं रोपच.

मग आजोबांनी माझ्या हातात भिंग दिलं. आधी त्यांनी माझा एक गैरसमज काढला. मराठीत आपण दगडावरच्या बुळबुळीत थरालाही शेवाळ म्हणतो आणि मऊ गादीसारख्या मॉसलाही. मी घसरले होते ती त्या बुळबुळीत थरावरून. शिक्षा मात्र मॉसला झाली.

मी शाळेत इतिहास शिकवायचे. शेजारच्या वर्गातून विज्ञानाच्या बाईंचा आवाज यायचा, "ब्रायोफायटा म्हणजे वनस्पतींमधले उभयचर." पोरं ते वाक्य घोकायची, मीही ऐकून ऐकून पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मात्र भिंगातून पाहिल्यावर कळला. मॉसला फूल नाही, बी नाही, परागकण नाहीत. त्याच्या नरपेशीला अंडपेशीपर्यंत पोहत जावं लागतं. पावसाचा किंवा दवाचा पातळ पडदा असेल तरच हा प्रवास होतो, आणि तोही काही सेंटिमीटरांचा. पाणी नाही तर लग्न नाही. लग्न झालं, की एका बारीक दांड्यावर बोंडासारखी पेटी येते, तिच्यातून धुळीइतके बारीक बीजाणू वाऱ्यावर निघतात आणि दूरदेशी जातात.

आता आमच्या अंगणातलीच गंमत पाहा. विटांच्या भिंतीवर टॉर्च्युला आणि ग्रिमिया या दोन जातींच्या छोट्या उशा आहेत. त्यांच्यात नर आणि मादी अवयव एकाच रोपावर असतात, त्यामुळे अंतराचा प्रश्नच नाही. दरवर्षी त्यांना भरपूर बोंडं येतात. फरशीच्या फटींमधलं रुपेरी शेवाळ म्हणजे ब्रायम अर्जेंटियम. त्याचं नराचं रोप वेगळं, मादीचं वेगळं. जगातल्या निम्म्याहून अधिक मॉसची हीच रीत आहे. वाऱ्याने नेमका एकट्या मादीचा बीजाणू आणून टाकला, तर जवळपास नर येईपर्यंत लग्न नाही. पण म्हणून ते थांबत नाही. त्याचे शेंडे सहज तुटतात, बुटांना चिकटून जातात आणि पुढच्या फटीत रुजतात. हेच शेवाळ आपल्याकडच्या शहरांतही सापडतं आणि अंटार्क्टिकातही.

त्याला एक मध्यस्थही आहे. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली याच जातीचे नर आणि मादी पुंजके प्लास्टर ऑफ पॅरिसवर दोन आणि चार सेंटिमीटर अंतरावर ठेवले. कोरड्या प्लास्टरवरून नरपेशींना पोहता येईना. पण मध्ये स्प्रिंगटेल आणि माइट हे इवलेसे जीव सोडले, तेव्हा बोंडं धरली. मधमाशीने फुलांसाठी करायचं काम हे जीव मॉससाठी करतात. आमच्याकडच्या स्थळं सुचवणाऱ्या एका मावशींची मला फार आठवण झाली.

जिथे पाणीच दुर्मीळ, तिथे हिशेब आणखी बिघडतो. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातल्या सिंट्रिकिया या मॉसमध्ये चौदा माद्यांमागे एक नर सापडला, तोही झुडपाच्या सावलीत. बहुतेक रोपांनी तर नर-मादी अवयव धरलेच नव्हते. पाऊस बेभरवशाचा असेल तर शेवाळ आधी जगण्याचं पाहतं.

इथवर मजेचं होतं. मग मे महिन्यात आजोबांनी आम्हाला पीक डिस्ट्रिक्टच्या माळावर नेलं, आणि माझा इतिहासाचा तास सुरू झाला.

मॅंचेस्टरच्या पत्त्यांमध्ये 'मॉस' हा शब्द जागोजागी दिसतो. मॉस साइड, चॅट मॉस. इथे मॉस म्हणजे दलदल. १८३० साली लिव्हरपूल-मॅंचेस्टर रेल्वे सुरू झाली, तेव्हा जॉर्ज स्टीफन्सनने चॅट मॉसच्या दलदलीवर फांद्यांचे आणि झुडपांचे थर अंथरून त्यावरून रूळ नेले होते. या दलदली बांधणारं मॉस म्हणजे स्फॅग्नम. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपटीपर्यंत पाणी ते धरून ठेवतं. खालचा भाग मरतो, पण धड कुजत नाही. त्याचंच पीट होतं. मीटरभर थर साचायला साधारण हजार वर्षं लागतात.

स्फॅग्नमच्या बीजाणूंची तऱ्हाही न्यारी. उन्हाने बोंड सुकून आक्रसतं, आतली हवा दाबली जाते आणि झाकण फट्कन उडतं. बीजाणू दहा सेंटिमीटरहून वर फेकले जातात, म्हणजे वारा त्यांना उचलू शकेल इतके. निसर्गाचा लवंगी फटाकाच म्हणा.

मग मॅंचेस्टरच्या वरच्या माळांवर मैलोन् मैल काळी, उघडी, सोललेली जमीन का? उत्तर गिरण्यांच्या धुरात आहे. कोळशाच्या धुरातला गंधक शे-दीडशे वर्षं या माळांवर पावसातून पडत राहिला. 'आम्लवर्षा' हा शब्दप्रयोग रूढ करणारे रॉबर्ट अँगस स्मिथ मॅंचेस्टरचाच पाऊस तपासत होते. स्फॅग्नमला पानातून सगळं शोषायची सवय, त्यामुळे विषही त्याने तसंच शोषलं आणि ते मेलं. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना मुंबई बंदरातून कापूस गेला. आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूसही त्या व्यापारात ओढला गेला. हे मी वर्गात कितीदा शिकवलं असेल! त्या कापसाचं सूत काढणाऱ्या धुराने कोणाचं घर मोडलं, हे मात्र माळावर उभी राहिले तेव्हा समजलं.

१९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे गंधक कमी झाला. झाडांवरची बरीच मॉस वाऱ्यावरून परत आली. स्फॅग्नम सहज परतेना. बीजाणू पडले तरी रुजायला ओल हवी, आणि सोललेल्या माळावरचं पाणी घळींतून वाहून जातं. जवळपास आईबाप उरलेले नाहीत. उरले तरी नर एकीकडे आणि मादी दुसरीकडे. हवा सुधारली, पण झालेला इतिहास तसाच राहिला.

कोरडं पीट जळतं, हेही आम्ही पाहिलं आहे. जून २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूर पेटला. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती. खिडक्या बंद ठेवा, असं सांगितलं होतं. उकाड्यात बंद घरात तिला खोकताना पाहत मी बसले होते. तो धूर शेकडो वर्षं जमिनीत साठलेल्या शेवाळाचाही होता, हे तेव्हा माहीत नव्हतं.

'मूर्स फॉर द फ्यूचर' हा उपक्रम २००३ पासून या माळांवर काम करतो. घळी अडवायच्या, उघड्या पीटवर झुडपांचा पाला अंथरायचा, आणि मग तुकड्यांपासून वाढवलेल्या स्फॅग्नमचे पुंजके हाताने लावायचे. आमच्या अंगणात जे चुकून झालं, तेच इथे मुद्दाम करतात. फक्त एकाच रोपाचे तुकडे लावून चालत नाही, वेगवेगळ्या जाती मिसळून लावाव्या लागतात. हवाईतल्या कोहाला डोंगरावर स्फॅग्नमची एक जात एकाच पूर्वजापासून तुकड्यातुकड्यांनी पसरलेली आहे, वीस हजारांहून अधिक वर्षं. म्हणजे नुसत्या तुकड्यांवरही तग धरता येतो. पण सगळी एका साच्यातली असली, की एकाला जे मारतं ते सगळ्यांनाच मारू शकतं.

रविवारच्या मराठी वर्गात मी लेकीचे उच्चार सारखे दुरुस्त करत असते. ती माझी हुबेहूब प्रत व्हावी, असं मला वाटत असतं का? परवा तिने आजोबांना "शेवाळ" म्हणायला शिकवलं. ते "शेवाल" म्हणाले. तिने दुरुस्त केलं नाही, आणि मीही गप्प बसले.

माळावरून परतल्यावर मी तुळशीच्या मातीची पिशवी उलटून पाहिली. त्यावर 'पीट' असं स्पष्ट छापलं होतं. इतकी वर्षं दलदल विकत आणून मी तुळस लावत होते. आता पीटविरहित माती आणली आहे. ती लवकर सुकते, पाणी जरा जास्त वेळा घालावं लागतं, पण तुळस बरी आहे.

यंदा लक्ष्मीपूजनाला पायरी आणि चालायची वाट तेवढी ब्रशने घासणार आहे. भिंतीवरच्या आणि कडेच्या उशा राहू देणार आहे. तुम्हीही पणत्या मांडायला बाहेर जाल तेव्हा भिंग घेऊन जा. आणि हो, चपला घालून जा.