बोका घरात फवारा मारतो, काय करावे?



भांडुपच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. घर दहा बाय बाराचे, माणसे पाच आणि सहावा बोका. दोन वर्षांपूर्वी मुलीने पावसात भिजलेले पिल्लू उचलून आणले. आता ते मोठे झाले आहे आणि गेले दोन महिने दाराच्या चौकटीवर, कपाटाच्या कडेला, पोरांच्या दप्तरांवर मूत मारू लागले आहे. परवा तर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी असलेल्या फळीच्या पडद्यावरही त्याने फवारा मारला. तेव्हापासून सासूबाई म्हणतात, "घर बाटले. त्याला पोत्यात घाला आणि खाडीपलीकडे सोडून या." मुलगी जेवत नाही. भगिनी विचारतात, मी कुणाचे ऐकू?

आधी बाटण्याचे बोलू. सासूबाईंना वाईट वाटले ते श्रद्धेपोटी, हे खरे. पण हा शब्द आपल्या घरात शोभत नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात पंचगव्य ओतून शुद्धी केली होती. तो शब्द ज्यांनी सोसला, त्यांनीच तो मुक्या जनावरावर का फेकावा? पडदा घाण झाला होता. साबणाने धुतला, स्वच्छ झाला. त्यापलीकडे त्यात काही नाही. अपशकुन नाही, कुणाची करणी नाही आणि बोक्याच्या मनात सूडही नाही.

मग तो असे का करतो? मांजर दोन प्रकारे मूत करते, हे ध्यानात घ्या. खाली बसून जमिनीवर किंवा गोधडीवर भरपूर केली, तर ती लघवी. उभे राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, मागच्या बाजूने भिंतीवर थोडीशी उडवली, तर ती खूण. "ही जागा माझी आहे" असे तो इतर मांजरांना वासाने सांगत असतो. वयात आलेला बोका हे सर्वांत जास्त करतो. माजावर आलेली भाटीही करते. खिडकीबाहेर परका बोका फिरू लागला, घरात दुसरे मांजर किंवा तान्हे बाळ आले, घर बदलले, तरी मांजर बिथरते आणि खुणा वाढतात.

याच्यावर खरा उपाय म्हणजे नसबंदीचे ऑपरेशन. दहापैकी साधारण नऊ बोक्यांची ही खोड त्याने सुटते किंवा पुष्कळ कमी होते. काहींना फरक पडायला काही आठवडे लागतात, तेव्हा धीर धरा. पाच-सहा महिन्यांचा असतानाच ऑपरेशन केले तर खोड सहसा लागत नाही. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच, ते 1883 पासून जनावरांची सेवा करीत आहे. इतर ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. खर्च आधीच विचारून घ्यावा, संकोच करू नये.

आता घरात करायच्या गोष्टी.

फवारा मारलेली जागा आधी साध्या पाण्याने पुसा. मग एन्झाइम असलेली वॉशिंग पावडर कोमट पाण्यात कालवून चांगली घासा. पाकिटावर तसे लिहिलेले असते. स्वच्छ पाण्याने पुसून वाळू द्या. भिंतीवर किंवा लाकडावर वास राहिला तर शेवटी स्पिरिटचा बोळा फिरवा, पण त्या वेळी स्टोव्ह, गॅस बंद ठेवा. फिनेल वापरू नका, पायाला लागून ते चाटले तर मांजराला विषबाधा होते. ब्लिचिंग पावडरही नको. मुताशी मिसळून तिचा विषारी वायू होतो, लहान खोलीत तो माणसालाही घातक. वास उरला की बोका पुन्हा तिथेच येतो, म्हणून ही सफाई नीट झाली पाहिजे.

त्याच्यासाठी कोपऱ्यात जुन्या घमेल्यात वाळू ठेवा. ते जेवणाच्या ताटलीपासून दूर असावे आणि घाण रोज काढावी. दोन मांजरे असतील तर तीन घमेली बरी. गरोदर बाईने हे काम करू नये. मांजराच्या विष्ठेतून होणारा एक आजार पोटातल्या बाळाला बाधतो. बाहेरचा बोका दिसतो त्या खिडकीच्या खालच्या भागाला पुठ्ठा लावा. लाकडाला गोणपाट गुंडाळून उभे करा. तिथे तो नखे घासेल, तीही त्याची खूणच असते. धुतलेल्या जागेजवळ त्याचे जेवण ठेवून पाहा, मांजर खाण्याच्या जागी सहसा फवारा मारीत नाही.

मारू नका, नाक मुतात घासू नका. त्याला त्यातून काही कळत नाही, फक्त भीती वाटते, आणि घाबरलेले मांजर जास्तच खुणा करते.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नका. बोका वारंवार मुतायला बसतो, कण्हतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर ती खोड नव्हे. मूत्रमार्ग तुंबला आहे. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेततो.

राहिला खाडीपलीकडे सोडण्याचा प्रश्न. घरात वाढलेले मांजर परक्या जागी उपाशी राहते, तिथल्या बोक्यांच्या तावडीत सापडते. पाळलेल्या जनावराला असे वाऱ्यावर सोडणे 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. आणि कायद्याच्याही आधी आपण पंचशील घेतो, त्यातले पहिलेच शील जिवाला इजा न करण्याचे आहे. सकाळी फळीपुढे हात जोडून शील घ्यायचे आणि संध्याकाळी त्याच फळीसाठी पोते शिवायचे, हे जमायचे नाही.

ताई, सासूबाईंशी भांडू नका. हे सारे त्यांना शांतपणे वाचून दाखवा. पडदा त्यांच्यादेखत धुवा. आणि मुलीला सांगा, बोका घरातच राहील, पण त्याचे घमेले रोज तिने साफ करायचे. माया म्हणजे नुसते कुरवाळणे नव्हे, हे तिला त्यातून कळेल.

जयभीम.