‘वेळ नाहीं’ म्हणण्यापूर्वीं

इंग्रजी भाषेंत ‘प्रेस्ड फॉर टाइम’ असा एक वाक्प्रचार आहे. ‘टाइम’च्या जागीं ‘स्पेस’ किंवा ‘मनी’ घातलें, तर जागेची अडचण किंवा पैशाची चणचण असा अर्थ होतो. ‘प्रेस’ म्हणजे दाबणें. छापखान्यास ‘प्रेस’ हें नांव पडलें, तेंही ठशांवर कागद दाबून छपाई होत असे म्हणूनच. टंचाईंत इंग्रज दाबला जातो; मराठी माणसाची मात्र ‘ओढाताण’ होते.

‘प्रेस्ड’ हें रूप कर्मणि आहे. पण दाबणारा कोण, हें वाक्यांत सांगावें लागत नाहीं. माझ्या मतें या वाक्प्रचाराची सोय यांतच आहे आणि धोकाही यांतच आहे.

विद्यार्थिमित्रहो, दिवसाचे २४ तास, म्हणजे १,४४० मिनिटें, सर्वांना सारखींच मिळतात. जो मुलगा सायंकाळ चकाट्या पिटण्यांत घालवितो आणि सकाळीं ‘प्रेस्ड फॉर टाइम’ म्हणतो, त्याला दाबणारा तो स्वतःच होय.

पण शिक्षकांनींही उतावीळ होऊं नये. एकदां एका विद्यार्थ्यानें निबंध न आणण्याचें कारण म्हणून हेंच वाक्य लिहून दिलें. वाक्य शुद्ध होतें. मीं मात्र त्याला आळशी ठरवून वर्गांत उभें केलें. पुढें त्याच्या घरीं जाण्याचा प्रसंग आला. खोली एकच, तींत माणसें सात. पहाटे नळावरून पाणी भरणें आणि रात्रीं धाकट्या भावंडांस निजविणें त्याच्याकडे. भावंडें निजलीं कीं दिवा मालवावा लागे. पैसा नाहीं म्हणून जागा नाहीं, आणि जागा नाहीं म्हणून वेळ नाहीं! टंचाई एकच होती. नांवें मात्र तीन. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली.

तेव्हांपासून कोणी ‘वेळ नाहीं’ म्हटलें, कीं ‘दाबणारा कोण?’ असें मी प्रथम विचारतों. उत्तर ‘आळस’ असेल, तर विद्यार्थ्यानें कंबर कसावी. उत्तर ‘घरचें काम’ असेल, तर पालकांनीं मुलास, आणि मुलीस तर अधिकच अगत्यानें, रोजचा एक तास व घराचा एक कोपरा मोकळा करून द्यावा. तेंही शक्य नसेल, तर शाळा सुटल्यावर एक वर्ग दिवेलागणीपर्यंत उघडा ठेवणें हें आम्हां शिक्षकांचें काम आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत हा वाक्प्रचार विद्यार्थ्यांनीं खुशाल लिहावा. गृहपाठाच्या वहींत तो लिहिण्याची पाळी त्यांच्यावर येऊं नये.