आज्ञेनें छापलेली वही

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आईच्या किंवा आजीच्या हातची एखादी जुनी वही असेल. तींत आरत्या असतात, श्रावणांतील कहाण्या असतात, मंगळागौरीचीं गाणीं असतात, आणि मध्येंच कोठें तरी लोणच्यांतील मिठाचें प्रमाणही टिपलेलें असतें. आमच्या मातुःश्रींची अशी वही १९४६ सालची आहे. वसईच्या दमट हवेंत कागद फार दिवस टिकत नाहीं. पावसाळ्यांत त्यावर बुरशी येते आणि उरलेल्याचा समाचार कसर घेते. म्हणून आम्हां पापडीकरांस अशा वहीची प्रत करणें हा हौसेचा विषय नसून निकडीचा आहे.

१९९९ सालीं एका दुकानांत ही वही संगणकावर जुळवून घेतली होती. छपाई सुबक झाली; प्रती नातलगांत वाटल्या गेल्या व दहा-बारा वर्षांत फाटल्याही. पुन्हां छापावी म्हणून जपून ठेवलेली संगणकीय प्रत उघडली, तों ‘श्री’च्या जागीं माथ्यावर टोप्या घातलेलीं रोमन अक्षरें उभीं! त्या काळच्या पुष्कळ मराठी टंकांची रीतच अशी होती कीं, संगणकाच्या पोटांत रोमन अक्षरांचे अंक ठेवावयाचे आणि वर देवनागरीचा मुखवटा चढवावयाचा. हे मुखवटे ज्याचे त्याचे निराळे. दुकान बंद झालें, मुखवटा कोठून आणिला होता हें सांगणारा कोणी उरला नाहीं, आणि आईचे शब्द आपल्याच घरांत परके झाले. मूळ वही हातीं होती म्हणून निभावलें.

शब्द एकीकडे आणि त्यांचा वेष दुसरीकडे, अशी विभागणी त्या प्रतींत नव्हती, हें खरें दुखणें. आज युनिकोड नामक संकेतांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा अंक आहे. ‘क’चा अंक २३२५. टंक कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. तेव्हां साध्या अक्षरांची, कसलीही सजावट नसलेली एक संहिता टंकून ठेवावी, आणि कागद, समास, अक्षराचा आकार इत्यादि वेष छापण्याच्या वेळीं आज्ञेनें चढवावा, असा मार्ग आम्हीं पत्करला. आज्ञा म्हणजे काळ्या चौकटींत एक ओळ लिहावयाची आणि कळ दाबावयाची. इंग्रजींत तिला कमांड लाइन म्हणतात. तेथें चित्रें नाहींत, बटणें नाहींत. शाळेंत फळ्यावर उदाहरण लिहावें तसा प्रकार असल्यामुळें आम्हांस ती फारशी परकी वाटली नाहीं.

ही रीत नवी नव्हे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७१ सालीं पेटंटचे अर्ज नीटनेटके जुळवून देण्याचें काम युनिक्स या प्रणालीवर ‘रॉफ’ नांवाच्या आज्ञेकडून होऊं लागलें. त्याच कुळांतील ‘पीआर’ ही आज्ञा अद्याप चालते. ती संहितेचीं पानें पाडते आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, नांव व पृष्ठांक घालते. तिचें पान ६६ ओळींचें. ११ इंच उंच कागद, इंचास ६ ओळी, असा तो हिशेब. पांच ओळी वर व पांच खालीं सोडल्या कीं ५६ ओळी मजकुरास उरतात. जुन्या पोथ्यांच्या लेखकांनीं पानावरील ओळी मोजून समास आंखले, त्यांतलाच हा प्रकार!

परंतु या आज्ञा घडल्या त्या रोमन लिपीच्या मापानें. तेथें एक अक्षर म्हणजे एक घर. आपलें ‘क्षि’ घ्या. डोळ्यांस तें एक अक्षर; संगणकाच्या लेखीं क, हलन्ताची खूण, ष आणि वेलांटी अशीं चार चिन्हें, आणि प्रत्येकास तीन बाइट धरून एकंदर बारा घरें. ओळ मोडणाऱ्या कित्येक जुन्या आज्ञा बाइट मोजतात. त्यांस ७२ घरांची ओळ मोडावयास सांगितली तर चोवीस चिन्हांनंतरच करवत चालते, आणि घरांची संख्या तिहींनीं भागणारी नसेल तर वर्णाचें मध्येंच दोन तुकडे होतात. शिवाय ऱ्हस्व वेलांटी उच्चारांत व्यंजनानंतर येते आणि लिहितांना त्याच्या डावीकडे बसते. संगणक उच्चाराचा क्रम ठेवतो. लेखनाचा क्रम कोणी तरी लावून द्यावा लागतो.

हें काम ज्यांनीं केलें त्यांचीं नांवें आपल्या घरांत ठाऊक असावीं. डोनाल्ड क्नूथ या गणितज्ञांनीं १९७७ सालीं आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहिलीं, अक्षरें मनास येईनात, म्हणून ‘टेक’ हें अक्षरजुळणीचें साधन स्वतःच रचलें. (अक्षराच्या वळणासाठीं जीव टाकणारा माणूस आपल्याकडेही झाला आहे, १८६९ सालीं ‘निर्णयसागर’ काढणारे जावजी दादाजी.) १९९१ च्या सुमारास हॉलंडमधील फ्रान्स वेल्थुइस यांनीं त्यास देवनागरी शिकविली. रोमन लिपींत संस्कृत टंकावें, ‘देवनाग’ ही आज्ञा द्यावी, तिनें वेलांट्या व जोडाक्षरें जागच्या जागीं बसवावीं. त्याच दशकांत अविनाश चोपडे यांचें ‘आयट्रान्स’ प्रचारांत आलें. त्या पद्धतीनें टंकलेलीं शेंकडों संस्कृत स्तोत्रें आजही वाचतां येतात व हव्या त्या भारतीय लिपींत पालटतां येतात. आमची १९९९ ची प्रत मेली आणि तीं जगलीं, याचें कारण तीं साध्या अक्षरांत होतीं. पुढें २००४ सालीं जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’नें युनिकोडमधील देवनागरी सरळ घेतली, आणि रोमनचा वळसा चुकला.

आम्ही झीटेकच वापरतों. टंक ‘शोभिका’. तो मुंबईच्या आय.आय.टी.मधील संस्कृत अभ्यासकांच्या उपक्रमांतून निघाला असून विनामूल्य मिळतो. टंक निवडतांना एक परीक्षा घ्यावी: ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ हे दोन शब्द छापून पाहावे. गुरु आणि स्वयंपाकी यांतील भेद ज्या टंकास कळत नाहीं, तो मराठी घरांत घेऊं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. एका फायलींत वहीचा मजकूर. कहाणी कोठें सुरू होते, आरतीचीं कडवीं कोठें मोडतात, एवढ्याच खुणा त्यांत. दुसरी फाइल आठ-दहा ओळींची. तींत कागद, टंक व आकार. ही दुसरी फाइल पहिलीस आंत ओढून घेते. एक आज्ञा दिली कीं पानें तयार होतात. ‘एलपी’ या दुसऱ्या आज्ञेपुढें प्रतींची संख्या घातली कीं छापून बाहेर पडतात. महिरपी कंस उघडून मिटावयाचा राहिला, तर हें यंत्र कधीं कधीं ‘रनअवे आर्ग्युमेंट?’ असें विचारतें. युक्तिवाद पळून गेला काय, या प्रश्नास कोणत्या तर्कशास्त्र्यानें उत्तर द्यावें! एका पानाचें पत्र लिहिणारानें या वाटेस जाऊंच नये. त्यास नेहमींचें साधन पुरें आहे.

आमचा सारा खटाटोप आमच्या वडील भगिनींसाठीं. अक्कांचें वय ७८. नेत्रपटलाच्या विकारामुळें समोरचें दिसेनासें झालें आहे. श्रावणांतील शुक्रवारीं जिवतीची कहाणी सुनांना वाचून दाखविण्याचा मान त्यांचा. दोन श्रावण तो चुकला. बाजारांतील पुस्तकांत अक्षर बारीक, आणि कहाणीचा पाठही आईचा नव्हे. आम्हीं आकार २८ पॉइंट केला, म्हणजे सुमारें एक सेंटिमीटर. अक्कांनीं पानें हातांत घेतलीं, डोळा तिरपा करून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाल्या, “अरे, पोथीसारखी आडवी कर. उभा कागद हातांत दुमडतो.” वेषाच्या फायलींत ‘लँडस्केप’ एवढा एक शब्द घातला, सगळीं पानें नव्यानें पडलीं, मजकुरास हातही लागला नाहीं. त्याच संहितेवरून पूजेच्या पाटाशेजारीं ठेवावयाची १६ पॉइंटांची आणि पुण्याच्या नातवासाठीं खिशांत मावेल अशी, अशा आणखी दोन प्रती निघाल्या.

त्या नातवाच्या प्रतीवरून घरांत वाद झाला. आईचें लेखन अर्थातच अनुस्वारयुक्त; १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार गेले. (संपादकांनीं आमचे चालवून घेतले आहेत, हे त्यांचे उपकार.) चिरंजीव म्हणाले, ‘सेड’ नांवाची आज्ञा आहे, शब्दांची यादी दिली कीं क्षणांत सर्व अनुस्वार उतरतील. खरें आहे. पाणिनीच्या व्याकरणांत एका वर्णाच्या जागीं दुसरा येतो त्यास ‘आदेश’ म्हणतात, आणि ‘सेड’ त्याहून निराळें कांहीं करीत नाहीं. पण आईच्या वहींत ‘नांव’ही आहे आणि समुद्रावरची ‘नाव’ही आहे. अनुस्वार एकदां काढला कीं दोन्ही शब्द एक झाले. मग कोणतें कोठें होतें, हें कोणतीही आज्ञा परत सांगूं शकत नाहीं. म्हणून मूळ संहितेस स्पर्श करूं दिला नाहीं. ‘सेड’ ती वाचते, जातां जातां अनुस्वार उतरविते आणि निराळ्या फायलींत लिहिते; नातवाची प्रत तेवढी त्या फायलीवरून निघते. अक्कांच्या प्रतींत आईचें एकूण एक टिंब आहे.

मंगळागौरीचीं गाणीं अद्याप व्हावयाचीं आहेत. कागद वाचविण्यासाठीं आईनें तीं सलग लिहिलीं, चरण तोडले नाहींत. कोठें थांबावयाचें तें अक्कांस चालीवरून ठाऊक. दुपारीं वीज असली म्हणजे त्या म्हणतात, आणि चरण संपेल तेथें आम्ही ओळ मोडतों.