प्रवास तुमचा, पॉइंटही तुमचेच

आमच्या कपाटात एक तपकिरी पाकीट आहे. त्यात सोळा बोर्डिंग पास आहेत. मुलीच्या दोन्ही बाळंतपणांसाठी आम्ही नवरा-बायको दोनदा अमेरिकेला गेलो. जाताना आणि येताना मध्ये एकदा विमान बदललं, त्याचे हे सोळा तुकडे. मुंबई ते न्यूअर्क हे एका बाजूचं अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे दोघांचा मिळून जवळपास लाखभर किलोमीटरचा प्रवास झाला, त्याचं पूर्ण भाडं आम्ही मोजलं आणि पॉइंट मिळाले शून्य. तिकिटं एजंटने काढली, आम्ही पैसे भरले. सभासद क्रमांक कुणी विचारला नाही, आणि असा काही क्रमांक असतो हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. कळलं तेव्हा मागणी करायची मुदत उलटून गेली होती.

ते पाकीट मी फेकलेलं नाही. आज आपल्याकडे घरटी कुणीतरी बेंगळुरूला, दुबईला, जर्मनीला नाहीतर अमेरिकेला आहे. आई-वडील वर्षा-दोन वर्षांनी विमानात बसतात, मुलं दिवाळीला येतात. तिकिटाच्या चार-दोन हजारांसाठी आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि त्याच तिकिटावर हक्काने मिळणारं मात्र सोडून देतो. म्हणून सांगावंसं वाटतं: जो प्रवास आणि जो खर्च तुम्ही तसाही करणार आहात, त्याचे पॉइंट सोडू नका. आणि नुसत्या पॉइंटसाठी एक रुपयाही जादा खर्च करू नका.

आधी हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. प्रवाशाने पुन्हा आपल्याच विमानात बसावं म्हणून प्रत्येक फेरीला त्याच्या खात्यात काहीतरी जमा करायचं, आणि पुरेसं साठलं की तिकीट द्यायचं. कुणी त्यांना माइल्स म्हणतं, कुणी पॉइंट. एअर इंडियाच्या योजनेचं नाव बरीच वर्षं ‘फ्लाइंग रिटर्न्स’ होतं, आता ती ‘महाराजा क्लब’ झाली आहे. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेल्या मिशाळ महाराजावरून हे नाव आलं. इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ सुरू केली. कंपन्या हे धर्मादाय म्हणून करत नाहीत. त्याचा खर्च तिकिटांच्या दरात आधीच धरलेला असतो. तुम्ही पॉइंट घेतले नाहीत तर तिकीट स्वस्त होत नाही, तुमचा वाटा तेवढा कंपनीकडे राहतो.

आता पहिलं आणि पूर्ण फुकटचं काम. पुढचं तिकीट काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं सभासद खातं उघडा. याला पैसे पडत नाहीत. मोबाइलवर दहा मिनिटांत होतं. आजी-आजोबांचंही उघडा. लहान मुलांची खातीही बऱ्याच कंपन्या पालकांमार्फत उघडू देतात. कारण पॉइंट पैसे भरणाऱ्याच्या नावावर पडत नाहीत, खुर्चीवर बसणाऱ्याच्या नावावर पडतात. चौघांचं तिकीट बाबांनी काढलं म्हणून चौघांचे पॉइंट बाबांना मिळत नाहीत. काही कंपन्या कुटुंबाचं एकत्र खातं करू देतात, एमिरेट्सची तशी सोय आहे. ती सोय असेल तर जरूर घ्या, म्हणजे चार ठिकाणी सांडलेलं एका भांड्यात येतं.

खातं उघडताना नावाकडे फार लक्ष द्या. आपल्याकडे नाव तीन पदरी असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. अनेकांच्या पासपोर्टवर आडनावाखालच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं एकत्र छापलेली असतात. तिकिटावर ‘सुनीता रमेश’ पडतं, सभासद खात्यात आपण नुसतं ‘सुनीता’ लिहितो, आणि यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींची तर हमखास अशी अडचण होते. तेव्हा पासपोर्ट समोर ठेवा, आणि त्यावर आहे तसंच, स्पेलिंगचं एक अक्षरही इकडे-तिकडे न करता, खात्यात लिहा.

तिकीट एजंटकडून काढलंत तर सभासद क्रमांक त्याला लेखी पाठवा आणि तिकिटावर तो छापून आला का ते बघा. राहिला असेल तर विमानतळावर चेक-इनच्या वेळी सांगा, तिथेही तो घालता येतो. टूर कंपनीच्या गटाच्या तिकिटांवर पॉइंट बहुधा मिळत नाहीत, हे आधीच विचारून घ्या. आणि पॉइंट खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. पॉइंट जमा झाले नाहीत तर बहुतेक कंपन्या काही महिन्यांच्या आत मागणी स्वीकारतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि तिकिटावरचा तेरा आकडी क्रमांक लागतो. सहा अक्षरांचा पीएनआर वेगळा आणि हा क्रमांक वेगळा. एअर इंडियाच्या तिकिटावर तो ०९८ ने सुरू होतो.

दुसरं काम, विखुरणं थांबवा. एकदा या कंपनीचे हजार, एकदा त्या कंपनीचे बाराशे, असं पाच खात्यांत पडून राहिलं तर कुठेच तिकीट होत नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण थेंब एकाच खड्ड्यात पडले तर. इथे कंपन्यांच्या युतीचा उपयोग होतो. एअर इंडिया जुलै २०१४ मध्ये स्टार अलायन्समध्ये गेली. लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड, टर्किश या त्याच युतीतल्या. त्यामुळे मुलाकडे म्युनिकला लुफ्तान्साने गेलात तरी पात्र तिकिटाचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. कतार एअरवेज वनवर्ल्ड या दुसऱ्या युतीत आहे, तर एमिरेट्स कुठल्याच युतीत नाही. तुमचं येणं-जाणं प्रामुख्याने कुठे आहे ते पाहा आणि त्याप्रमाणे एक, फार तर दोन खाती पक्की करा. देशातल्या देशात इंडिगोने फिरणाऱ्याला ब्लूचिप पुरे.

पण म्हणून खात्यासाठी महाग तिकीट घेऊ नका. दुसऱ्या कंपनीचं तिकीट दोन हजारांनी स्वस्त असेल तर बिनदिक्कत ते घ्या. एअर इंडियाने २०२४ पासून अंतराऐवजी तिकिटावरच्या खर्चाप्रमाणे पॉइंट द्यायला सुरुवात केली. स्वस्त तिकिटाला पॉइंट कमी मिळणारच. दोनशे रुपयांच्या पॉइंटसाठी दोन हजार घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता क्रेडिट कार्ड. इथे माझा आवाज थोडा चढला तर समजून घ्या. पॉइंट झपाट्याने वाढतात ते कार्डामुळे, आणि संसाराला भोकं पडतात तीही कार्डामुळेच. आकड्यांत बघा. समजा महिन्याला तुम्ही ४०,००० रुपये कार्डाने खर्च केले आणि शंभर रुपयांना २ पॉइंट मिळाले. म्हणजे ८०० पॉइंट. पॉइंट ५० पैशांचा धरला तर मिळकत ४०० रुपये. ते ४०,००० वेळेवर भरले नाहीत आणि कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के असेल, तर एका महिन्याचं व्याज १,४०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये. एकूण १,६५२. चारशे मिळवायला साडेसोळाशे घालवले. शिवाय आधीची बाकी असताना नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. बिलावर ठळक छापलेली ‘किमान रक्कम’ भरून समाधान मानू नका. तिने फक्त उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही.

म्हणून कार्डाबाबत माझा नियम कडक आहे. ज्या घरात दर महिन्याचं पूर्ण बिल वेळेवर भरलं जातं, त्यांनीच कार्डाच्या पॉइंटचा विचार करावा. बँकेत कार्डाचं पूर्ण बिल आपोआप वळतं करण्याची सूचना देऊन ठेवा. किराणा, औषधं, मुलांची फी, मोबाइलचं बिल असे ठरलेले खर्च त्यावर न्या, मात्र कार्डाने भरल्याचं जादा शुल्क लागत असेल तर तो खर्च रोखीने किंवा खात्यातूनच भरा. भाडं, इंधन, विमा यांवर अनेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा कमी देतात, ते आधी वाचा. ज्यांचं बिल कधी ना कधी पुढे ढकललं जातं, त्यांनी विमानाच्या पॉइंटचं कार्ड घेऊच नये. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठं बक्षीस म्हणजे व्याज न भरणं.

वार्षिक फीचाही हिशेब करा. ५,००० रुपये फी असेल तर जीएसटी धरून ५,९०० जातात. तेवढ्या किमतीचे पॉइंट तुमच्या नेहमीच्या खर्चातून निघत नसतील तर साधं, बिनफीचं कार्ड बरं. मॉलमध्ये किंवा विमानतळावर उभा असलेला मुलगा ‘काका, पहिलं वर्ष फ्री आहे’ म्हणाला, तर दुसऱ्या वर्षाची फी विचारा. नको असलेलं कार्ड बंद करण्याचा हक्क तुम्हाला आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, थकबाकी नसेल तर विनंती केल्यापासून कामाच्या सात दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं पाहिजे. उशीर झाला तर बँकेने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात. न मागता कार्ड पाठवायलाही बंदी आहे.

साठलेला पॉइंट नेमका कितीचा, हे कसं ओळखायचं? कागद-पेन्सिल घ्या. समजा पुणे-दिल्ली तिकीट ६,००० रुपयांना आहे. तेच पॉइंटवर घेतलं तर ८,००० पॉइंट आणि वर करांचे १,२०० रुपये लागतात. म्हणजे वाचले ४,८००. भागिले ८,०००, एक पॉइंट ६० पैशांचा. दर वेळी एवढा एक भागाकार करा. ‘मोफत’ तिकिटालाही कर आणि काही वेळा इंधनाचा अधिभार रोख भरावा लागतो, परदेशी प्रवासात ती रक्कम बरीच मोठी असू शकते. हाच भागाकार मिक्सर, बॅगा, गिफ्ट कार्ड यांना लावून पाहा. तिथे पॉइंटचं मोल बहुधा घसरलेलं दिसेल. विमान कंपन्या अधूनमधून पॉइंट विकायला काढतात, तेही घेऊ नका. तिकीट समोर दिसतंय आणि थोडेच कमी पडताहेत, एवढा एकच अपवाद. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे असतील तर आधी हवी ती सीट मिळतेय का ते बघा. एकदा वळवले की ते सहसा परत येत नाहीत.

आणि साठवून ठेवू नका. आपल्या पिढीला जपून ठेवायची सवय आहे, ती इथे नडते. बँकेतल्या ठेवीला व्याज मिळतं आणि पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पॉइंटला यातलं काहीच नाही. किती पॉइंटला तिकीट द्यायचं हे कंपनी ठरवते आणि बदलतेही. एमिरेट्स आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या माइल्सना सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली आणि तिचे पॉइंट जमवलेल्यांच्या हाती काही उरलं नाही. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे माइल्स टिकले, पण ज्या विमानासाठी जमवले ते विमानच राहिलं नाही. विस्ताराचे प्रवासी त्या मानाने सुदैवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती एअर इंडियात विलीन झाली तेव्हा त्यांचे पॉइंट एकास एक प्रमाणात पुढे आले. एका तिकिटापुरते जमले की वापरा. आईला गुडघ्यांचा त्रास असेल तर लांबच्या प्रवासात तिला ऐसपैस खुर्ची मिळवून देण्यासाठी वापरा.

शेवटी एक धोक्याची सूचना. ‘तुमचे ९,८५० रुपयांचे पॉइंट आज रात्री संपत आहेत, खालील लिंक दाबा’ असा मेसेज आला तर तो आहे तिथेच पुसून टाका. त्या लिंकमधून एखादं अ‍ॅप मोबाइलमध्ये शिरतं आणि बँकेचं खातं रिकामं होतं. पॉइंट बघायचे तर कंपनीच्या किंवा बँकेच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये जाऊनच बघा. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. बोर्डिंग पासचा फोटोही स्टेटसला लावू नका, त्यावर तुमचा पीएनआर आणि बऱ्याचदा सभासद क्रमांकही असतो.

या रविवारी जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट आणि आधार कार्डं टेबलावर मांडा. प्रत्येकाचं खातं उघडा. सगळे क्रमांक एका वहीत लिहा आणि वही तिकिटांच्या फायलीत ठेवा. गेल्या काही महिन्यांत प्रवास झाला असेल तर त्याची मागणी त्याच बैठकीत नोंदवा. आमच्या सोळा बोर्डिंग पासची मुदत गेली. तुमच्या पाकिटातल्यांची कदाचित अजून आहे. आजच उघडून बघा.