नभोवाणीच्या तोंडाला कुलूप कां?

सन २०१८ च्या जुलै महिन्याची पहिली तारीख. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतील राईनपाडा गांवीं आठवड्याचा बाजार भरला होता. पोटासाठीं गांवोगांव फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच निरपराध इसम तेथें आले, आणि हे मुलें पळविणारे आहेत अशा संशयानें जमावानें त्यांस ठेंचून ठार केलें. अफवा मोबाइलवरून आधींच घरोघर पोंचली होती; ती खोटी आहे असें सांगणारा विश्वासाचा आवाज मात्र वेळेवर पोंचला नाहीं. अफवेला परवाना लागत नाहीं. पण त्या टापूंतील एखाद्या लहानशा रेडिओ केंद्रानें "आमच्या बातमीदारानें चौकशी केली, अशी टोळी कोठेंहि नाहीं" असें स्वतःच्या जबाबदारीवर सांगावयाचें म्हटलें असतें, तर तो नियमभंग ठरला असता!

वाचकांस हें विपरीत वाटेल, पण नियम आहे तो असा. वर्तमानपत्र कोणींहि रीतसर नोंदवून काढावें, उपग्रह वाहिन्यांनीं अहोरात्र बातम्यांचा वर्षाव करावा. त्यांस आडकाठी नाहीं. खाजगी एफ. एम. केंद्रानें मात्र स्वतः मिळविलेली बातमी सांगूं नये. सन २०११ च्या धोरणानें एवढीच सवलत दिली कीं, आकाशवाणीचें बातमीपत्र काना-मात्रा न बदलतां लावावें. हवामान, रहदारी, परीक्षांचे निकाल, वीजपाण्याच्या सूचना ह्या 'बातम्या नव्हेत' असें ठरवून त्यांसहि मुभा मिळाली. सारांश, उद्यां नळाला पाणी येणार नाहीं हें केंद्रानें सांगावें. कां येणार नाहीं, आणि जलवाहिनीचा ठेका कोणास दिला होता, हें विचारूं नये.

खाजगी केंद्रें नफ्यासाठीं चालतात म्हणून त्यांचा भरंवसा नाहीं असें म्हणावें, तर सामुदायिक केंद्रांचा अपराध कोणता? २००६ सालीं हीं केंद्रें चालविण्याची मोकळीक विद्यापीठांबरोबर सेवाभावी संस्थांसहि मिळाली. राजकीय पक्षांस तीं मिळत नाहींत, आणि त्यांचा आवाज आसपासच्या कांहीं गांवांपलीकडे जात नाहीं. साताऱ्याच्या माण तालुक्यांतील म्हसवडचें केंद्र गांवच्या बायकांशीं त्यांच्याच बोलींत बोलतें. पण पंचायतीच्या कारभाराची बातमी स्वतः मिळवून द्यावयाची म्हटली, कीं तेथेंहि नियम आडवा येतो.

ही भीति नवी नाहीं. मुंबईस १९२७ सालीं एका खाजगी कंपनीचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. कंपनी बुडाली आणि १९३० सालीं तो व्याप सरकारच्या हातीं गेला. परक्या सरकारला प्रजेच्या तोंडची वार्ता नको होती, हें त्याच्या स्वभावाला धरूनच होतें. म्हणून १९४२ सालीं उषा मेहता व त्यांचे सोबती ह्यांस मुंबईंत जागा बदलून बदलून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवावा लागला, आणि त्यापायीं तुरुंग भोगावा लागला. परकें सरकार गेलें. त्याची संशयी नजर मात्र दप्तरांत शिल्लक राहिली.

कायद्याच्या बाजूनें पाहिलें तरी ह्या बंदीला बळकट आधार दिसत नाहीं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तिचें नियमन लोकहितासाठीं सार्वजनिक यंत्रणेनें करावें, ती सरकारची मिरास नव्हे. त्या न्यायपीठावर आपले न्यायमूर्ति पी. बी. सावंत होते. घटनेच्या १९ व्या कलमांत भाषणस्वातंत्र्यावर घालावयाच्या मर्यादा एकेक मोजून सांगितल्या आहेत. 'कानानें ऐकावयाची बातमी' अशी मर्यादा त्यांत आम्हांस कोठें आढळली नाहीं.

सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, शेंकडों केंद्रांवर देखरेख कशी ठेवावी, आणि कोणी दंगा चेतविला तर काय करावें? ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. राईनपाड्याचें उदाहरण देणाऱ्या आम्हांस तर मुळींच नाहीं. पण रेडिओ केंद्राला पत्ता असतो, परवाना असतो, जाब देणारा माणूस असतो, आणि फौजदारी कायदा त्यास लागू आहेच. ज्याचें नांवगांव ठाऊक नाहीं तो अफवा पसरविणारा मोकळा, आणि ज्याचें घर माहीत आहे त्याच्या तोंडाला कुलूप, ह्याला बंदोबस्त म्हणावें काय? खुद्द दूरसंचार नियामक प्राधिकरणानें सप्टेंबर २०२३ मध्यें, खाजगी केंद्रांस तासांतून दहा मिनिटें बातम्या देऊं द्याव्या, अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षीं मंत्रिमंडळानें २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली. गाणीं व जाहिराती ऐकविणारीं तोंडें वाढवावयाचीं, आणि गांवची वार्ता सांगणारें एकहि नको, असें धोरण लोकशाहीस शोभणारें नव्हे.

आकाशवाणी आहे ना, असें कोणी म्हणेल. आहे, आणि तिच्या बातमीपत्राचा संयम आम्हांस प्रिय आहे. पण जून २०२३ मध्यें पुणें केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा हुकूम निघाला होता. ओरड झाली म्हणून तो स्थगित झाला. एकाच पेढीवर सर्व व्यवहार ठेवण्याचा धोका आमच्या व्यापारी वाचकांस निराळा समजावून सांगावयास नको. शिवाय मुंबई, पुणें व नागपूर ह्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली. पुढें तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हातीं राहिला, आणि निवडणुका घ्या असें मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें. सभागृहांत प्रश्न विचारणारा नगरसेवकच नसतां करदात्याच्या वतीनें विचारणार कोण?

आतां थोडें आमच्या घरचें. २००९ च्या विधानसभा निवडणुकींत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांनीं महाराष्ट्रांतील वर्तमानपत्रांच्या अब्रूला डाग लागला. रेडिओला मोकळीक मिळाल्यावर तोच रोग तेथें शिरणार नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सकाळीं पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणि सायंकाळीं त्याच्या स्तुतीची बातमी, हा सौदा रेडिओवरहि होऊं शकतो. म्हणून मोकळीक द्यावी ती अटींसह द्यावी. केंद्राचा खरा मालक कोण हें जाहीर असावें. पैसे घेऊन सांगितलेला मजकूर तसा म्हणूनच सांगावा. चुकलेली बातमी त्याच वेळेला दुरुस्त करावी. ज्याच्यावर आरोप झाला त्याचा खुलासा ऐकवावा. व्यापारी बंधूंनींहि जाहिरात अवश्य द्यावी, पण तिच्यासोबत बातमी विकत मागूं नये.

प्रारंभ सामुदायिक केंद्रांपासून व जिल्ह्याच्या शहरांपासून करावा, अशी आमची सूचना आहे. गांवोगांवच्या व्यापारी संघांनीं, वाचनालयांनीं व वकील मंडळांनीं तसे ठराव करून आपापल्या खासदारांकडे धाडावे. ज्या राष्ट्रानें निरक्षर माणसालाहि पहिल्या दिवसापासून मताचा अधिकार दिला, त्यानें त्याच्या कानाशीं पोंचणारी गांवची बातमी अडवावी, हा न्याय नव्हे. मत मागतांना तो शहाणा, आणि बातमी ऐकतांना अजाण, असें एकाच माणसाला दोन्ही म्हणतां येणार नाहीं.