अप्रेझलमध्ये न बसणारी मुलगी

मार्च आला की ऑफिसमधल्या सगळ्यांची भाषाच बदलते. टार्गेट, रेटिंग, की अचीव्हमेंट्स! वर्षभरात काय केलंत ते चार ओळींत लिहा, आणि असं लिहा की मोठं वाटलं पाहिजे. मी फ्रीलान्सर, त्यामुळे मला ही भानगड नाही. पण मित्रमैत्रिणींचे वैतागलेले फोन सुरू झाले, की मला हटकून एक मुलगी आठवते. ती चोविसाव्या वर्षी गेली. तिचा अप्रेझल फॉर्म जवळजवळ कोराच राहिला असता.

तेरेझ मार्तँ तिचं नाव. जन्म १८७३चा, फ्रान्समधला. पंधराव्या वर्षी ती लिझ्यू गावातल्या कार्मेल मठात गेली, आणि १८९७ मध्ये टीबीने तिथेच गेली. ना तिने हॉस्पिटल काढलं, ना शाळा. ती आजारी असताना मठातल्या एका सिस्टरला म्हणे प्रश्नच पडला होता, की ही गेल्यावर मदर हिच्याबद्दल लिहिणार तरी काय? सांगण्यासारखं हिने काही केलेलंच नाही!

आता पुढचं ऐका. १९२५ मध्ये चर्चने या मुलीला संत म्हणून जाहीर केलं. १९९७ मध्ये 'डॉक्टर ऑफ द चर्च' हा मान दिला. म्हणजे धर्माची शिकवण जिच्याकडून घ्यावी अशी गुरू. तोवर तो मान फक्त दोनच स्त्रियांना मिळाला होता.

मग तिने केलं तरी काय? मठाची प्रमुख असलेल्या थोरल्या बहिणीच्या सांगण्यावरून तिने आठवणी लिहून ठेवल्या होत्या, त्यात सापडतं. प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक सिस्टर सतत कसला तरी बारीक आवाज करायची. (शेजारच्या क्युबिकलमध्ये पेन टिकटिक करणारा तुमचाही कुणीतरी असेलच!) मागे वळून एकदा खाऊ की गिळू असं बघावं, असं तेरेझला फार वाटायचं. ती घामाघूम व्हायची, पण वळायची नाही. शेवटी तिने ठरवलं, हा आवाज सुंदर संगीत समजून ऐकायचा. दुसरी एक सिस्टर तिला अजिबात आवडायची नाही. तिच्याशी तेरेझ इतकी छान वागायची, की त्या सिस्टरनेच एकदा विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं गं?

मला सगळ्यात आवडते ती म्हाताऱ्या सिस्टरची गोष्ट. चिडका स्वभाव, अधू शरीर. रोज संध्याकाळी तिला धरून जेवणघरात न्यायचं. भरभर चाललं तरी बोलणी, हळू चाललं तरी बोलणी. तिला नीट बसवून दिलं की काम संपलं. पण तेरेझच्या लक्षात आलं, हिला पाव कापायला त्रास होतोय. मग ती रोज पाव कापून द्यायची, एक छानसं हसायची आणि मगच जायची. बस्स. एवढंच.

हे तिने मनाने काढलेलं नाही. शुभवर्तमानात येशू गार पाण्याच्या एका पेल्याबद्दल बोलतो. तो देणाऱ्याचं फळ वाया जाणार नाही म्हणतो. देवळाच्या पेटीत दोन कवड्यामोलाची नाणी टाकणाऱ्या विधवेचं दान तो श्रीमंतांपेक्षा मोठं ठरवतो. आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशी विचारलं काय जाणार? भुकेल्याला जेवू घातलं का, आजाऱ्याला भेटलात का, तुरुंगातल्याकडे गेलात का. गंमत म्हणजे ज्यांनी हे केलं, ते उलट विचारतात, "आम्ही कधी केलं?" त्यांना आठवतच नाही!

मी ख्रिश्चन नाही. पण हे 'आठवतच नाही' मला नीट कळतं. मागे माझी आजी हॉस्पिटलमध्ये होती. रात्रपाळीची मावशी ड्यूटी संपवून निघताना रोज सकाळी आजीचे केस विंचरून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. आजी गेली. बिलात सलाइनपासून हातमोज्यांपर्यंत सगळ्याचा हिशेब होता, केस विंचरण्याचा नव्हता. त्या मावशीला आज आजी आठवतही नसेल. मला मात्र त्या महिन्यातलं तेवढंच आठवावंसं वाटतं.

तुम्ही म्हणाल, अशा गोड वागण्याने जग थोडंच बदलतं? बरोबर आहे. ऑफिसमधल्या हाऊसकीपिंगच्या मावशींशी हसून बोललं म्हणून त्यांचा पगार वेळेवर होत नाही. त्यासाठी भांडावंच लागतं. पण एक सांगू? स्कॉपियेमध्ये जन्मलेल्या अ‍ॅग्नेस नावाच्या मुलीने नन झाल्यावर याच तेरेझचं नाव घेतलं. तिला आपण मदर तेरेसा म्हणून ओळखतो. कोलकात्यात तिच्या कामाची सुरुवात रस्त्यावरच्या एकेका माणसापासून झाली. मोठं काम वेगळं आणि छोटं वेगळं, असं नसतंच बहुतेक.

तेव्हा यंदा फॉर्म भरा, रेटिंगसाठी बॉसशी जरूर भांडा. फक्त लोकलमध्ये चौथ्या सीटवर कुणी टेकायला आलं, तर न सांगता थोडं सरका. आणि विसरून जा. हिशेब ठेवणारा कुणी असेल, तर तो ठेवेल. नसलाच, तरी त्या माणसाला बसायला मिळालेलं असेलच ना?